तारेवरची वेळ

सोलापूर,
रविवार, २४ मार्च २०२४
(होळी)

प्रिय दत्त्या,

अक्षर ओळखलंस ना? चार वर्षं आणि वर तीन महिने झाले, आपण धड बोललो नाही. मधे तुझ्या नातवाचा फोटो आला, त्यावर मी हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याला काय बोलणं म्हणायचं? परवापासून मोबाइलवर तीनदा लिहिलं आणि तीनदा पुसलं. शेवटी आज दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून कागदच पुढ्यात घेतले.

तब्येत बरी. साखर आहे, औषध चालू आहे. नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. ऊन आत्ताच भाजून काढतंय. झालं, एवढंच.

मंगळवारचा निकाल तू वाचलाच असशील. लखनभैया या गुंडाला पोलिसांनी खोट्या चकमकीत मारलं, त्या प्रकरणात हायकोर्टानं चकमकींसाठी नावाजलेले माजी पोलीस अधिकारी प्रदीप शर्मांना जन्मठेप दिली. २०१३ ला खालच्या कोर्टानं तेरा पोलिसांसह एकवीस जणांना जन्मठेप दिली होती आणि यांना एकट्यांना सोडलं होतं. आता न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती गौरी गोडसे यांनी ती सुटका रद्द केली. तीन आठवड्यांत हजर व्हायला सांगितलंय. कायद्याचे रक्षकच वर्दीतले गुन्हेगार होऊ लागले तर अराजक माजेल, अशा अर्थाचं कोर्टानं म्हटलंय. ते वाक्य वाचताना मला तूच दिसलास. माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा, हातात न खाल्लेला पेढा.

त्या पेढ्यावर येतो. आधी इथलं ऐक.

मंगळवारी संध्याकाळी कट्ट्यावर सगळे होते. बातमी आली तसे लोक असे हळहळले, की घरचं कुणी गेल्यासारखं. सूतवाले अण्णा म्हणाले, "शंभरावर गुंड संपवले, त्या माणसाला जन्मठेप! आता कुठला पोलीस पिस्तुलाला हात लावेल?" सलूनवाला म्हणाला, "कोर्टाला गुंडाचाच पुळका." मी गप्प ऐकत होतो. मग मास्तर बोलले. आपले मास्तर, दत्त्या. नव्वदीला आलेत, काठी टेकत येतात. म्हणाले, "मुंबई यांनी साफ केली म्हणून आपली पोरं तिथं नोकऱ्या करतात. एक गुंड मारला तर बिघडलं काय?"

दर १२ जानेवारीला आपल्याला रांगेनं चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपर्यंत चालवत नेणारा हाच माणूस. धनशेट्टी, शिंदे, सारडा, कुर्बान हुसेन. पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून इंग्रजांनी चौघांना १९३१ साली येरवड्यात फासावर दिलं. ते सांगताना मास्तरांचा गळा दाटायचा. साक्षी खोट्या होत्या रे पोरांनो, म्हणायचे. साक्ष, पुरावा, अपील हे शब्द मला आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडून कळले. तू तेव्हा रांगेत माझ्या शर्टाची कॉलर ओढायचास, हेही लिहून ठेवतो, विसरलो नाही.

मास्तरांना उलट बोलवेना. पण अण्णांना म्हटलं, "मेलेला माणूस गुंड होता हे मान्य. त्याच्यावर गुन्हे होते. पण त्याला वाशीहून उचलून नेऊन मारलं आणि मग चकमक झाली असं लिहिलं, हे कोर्टात सिद्ध झालंय." अण्णा म्हणाले, "मग? त्याला कोर्टात उभं केलं असतं तर वीस वर्षं केस चालली असती."

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही. कारण ते खोटं नाही. माझ्या गाळ्याच्या केसमध्ये मी एकोणीस वर्षं तारखा घेतोय, तुला ठाऊक आहे. लोकांचा राग कुठून येतो ते मला कळतं, मी त्याच रागातला माणूस. घरी येताना बाळीवेशीत डोक्यात आलं, की अरे, वीस वर्षांचं रडगाणं त्या मेलेल्याच्या भावाला विचारा की! ११ नोव्हेंबर २००६ ला माणूस मेला आणि हा निकाल मार्च २०२४ मध्ये. सतरा वर्षं. सोबत उचललेला त्याचा मित्र सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार होता. तो २०११ मध्ये साक्षीच्या तोंडावर नाहीसा झाला आणि मग त्याचं जळालेलं प्रेत सापडलं. त्याचे मारेकरी अजून सापडलेले नाहीत, याबद्दल हायकोर्टानंसुद्धा खंत बोलून दाखवली. कोर्ट वेळ लावतं म्हणून गोळी घाला म्हणतात, आणि गोळी घातली की कोर्टात वेळ कुणाचा जातो? हे सगळं कट्ट्यावर सुचायला हवं होतं. सुचलं रस्त्यात, एकट्याला.

खरी काळजी मात्र कट्ट्याची नाही. छोट्याची आहे.

ताईचा छोट्या वर्षभर आमच्याकडेच आहे. तू पाहिलास तेव्हा बारावीत होता, आता माझ्याहून वीतभर उंच. पोलीस भरतीची तयारी करतोय. सतरा हजारांवर जागा निघाल्यात, फॉर्म भरला. पहाटे साडेचारला उठतो, भिजवलेले हरभरे खातो आणि विजापूर रोडच्या मैदानावर पळायला जातो. सोळाशे मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत पळालं तर पूर्ण मार्क. गेल्या आठवड्यात पाच चोवीसवर होता, आता पाच अठरावर आलाय. त्याच्या मामीला रोज सेकंद सांगतो आणि तिच्याकडून अर्धी भाकरी जास्त घेऊन खातो. पोरगं गुणी आहे, दत्त्या. शेजारच्या आजींची घागर सांगायच्या आत उचलतो. खोटं बोललेलं मी कधी पाहिलं नाही.

मंगळवारी रात्री त्याचा स्टेटस बघितला. शर्मांचा फोटो, खाली वाघ आणि "साहेब, महाराष्ट्र तुमच्या पाठीशी."

जेवताना विषय काढला. कडक भाकरी मोडून ताटात कुस्करत होता, वर शेंगाचटणी आणि तेल. मी म्हटलं, "छोट्या, तुला पोलीस व्हायचंय, का हे व्हायचंय?" तो म्हणाला, "दोन्ही एकच की मामा." मी आवाज चढवला. कोर्टानं काय म्हटलंय ते सांगितलं, साक्षीदाराचं सांगितलं. पोरगं शांतपणे ऐकत होतं. मग घास हातातच ठेवून म्हणालं,

"मामा, हैदराबादला झालं तेव्हा तुम्हीच तर पेढे वाटले होते. मला दोन दिले होते."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं, की तेव्हा गोड झालेली गोष्ट आता मामाला कडू का लागते. तुझी वहिनी ताक आणायला म्हणून उठून आत गेली. मी ताटाकडे बघत राहिलो.

हे तुलाच लिहायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगून काय कळणार?

६ डिसेंबर २०१९. सकाळी आपल्या तेलुगू शेजाऱ्यांच्या फोनवर हैदराबादच्या नातेवाइकांनी व्हिडिओ पाठवले. लोक पोलिसांवर फुलं उधळत होते. त्या डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिला मारलं होतं, त्यानं मला आठ दिवस झोप नव्हती, माझीही लेक त्याच वयाची. आरोपी चौघे पोलिसांच्या चकमकीत मारले गेले ऐकून मी नव्या पेठेतून अर्धा किलो पेढे आणले. तू पायरीवर आलास, पेढा हातात घेतलास आणि विचारलंस, "कशाचा?" मी सांगितलं. तू म्हणालास, "आज तारीख काय आहे बे? सहा डिसेंबर. ज्या माणसानं घटना लिहिली त्याच्या महापरिनिर्वाणाच्या दिवशी तू हा पेढा वाटतोस?" मी म्हटलं, तुला मुलीपेक्षा पुस्तकं जवळची. तुला दोन मुली आहेत हे माहीत असून म्हटलं. तू पेढा परत खोक्यात ठेवलास, हात रुमालाला पुसलेस आणि गेलास. महिन्या-दोन महिन्यांत तुझी स्वेच्छानिवृत्ती झाली, तुम्ही नाशिकला गेलात. मी स्टेशनवर आलो नाही.

मग २०२२ च्या मे महिन्यात तू कात्रण पाठवलंस. हैदराबादच्या त्या चकमकीची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाचा अहवाल. पोलिसांनी जीव घ्यायच्याच हेतूनं गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. मेलेल्या चौघांतले तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. पाकिटात दुसरा एक शब्द नाही. तारऑफिसच्या खिडकीतली शब्द मोजायची सवय तुझी गेलीच नाही, पण तेव्हा एवढी काटकसर केली नसतीस तर मी कदाचित लिहिलं असतं. असो, दोष तुझ्यावर ढकलत नाही. कात्रण वाचलं, घडी घातली आणि गल्ल्याच्या खालच्या खणात ठेवलं. उत्तर द्यायचं म्हणजे कबूल करायचं होतं, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. आता करतो. माझं चुकलं. त्या मुलीसाठी झालेलं दुःख खरं होतं, पेढे चूक होते. आणि तुझ्या मुलींवरून बोललो ते सगळ्यात चूक.

आता ज्यासाठी कागद घेतले ते.

निकालाच्या बातम्या वाचता वाचता एके ठिकाणी थांबलो. लखनभैयाला उचलल्याचं कळल्याबरोबर त्याच्या वकील भावानं पोलीस आयुक्तांना फॅक्स केले, आणि तारा केल्या. दत्त्या, तारा! अजून चकमकीची बातमी यायची होती. वर्सोव्याला नाना-नानी पार्कपाशी माणूस मेला तो संध्याकाळी, आणि माझ्या भावाला उचललंय, त्याच्या जिवाला धोका आहे, हे सांगणारी तार त्याच्या आधीची. तुझ्यासारख्याच कुणी तारबाबूनं खिडकीतून फॉर्म घेतला असेल, शब्द मोजले असतील, वेळ टाकून शिक्का मारला असेल आणि पुढच्याला बोलावलं असेल. त्याला काय माहीत आपण काय नोंदवलं ते. तू म्हणायचास ना, मजकूर लोकांचा, वेळ आमची. तेव्हा मला ती तुझी ऑफिसची मिजास वाटायची. आणखी एक बघ. खालच्या कोर्टानं त्या एकवीस जणांना शिक्षा सुनावली १२ जुलै २०१३ ला, आणि तुमच्या तारा बंद झाल्या त्याच्या दोनच दिवसांनी, १४ च्या रात्री. त्या रविवारी तुझ्या खिडकीपुढे कधी नव्हे ती रांग होती. तू दिवसभर पाणी प्यायला नव्हतास.

काल छोट्याला हे सांगायला बसलो. पेढ्यांचं आधी बोललो. म्हटलं, तुला दोन दिले ते माझं चुकलं, आणि का चुकलं ते दत्तूकाका मला तेव्हाच सांगत होता. तो ऐकत होता. मग तारेचं काढलं तर त्यानं विचारलं, "मामा, तार म्हणजे नक्की काय?" बावीस वर्षांचं पोरगं! मी उठलो, कपाटावरचा पत्र्याचा डबा काढला आणि तू शेवटच्या दिवशी मला पाठवलेली तार त्याच्या हातात दिली. सोलापुरातून सोलापुरात, पाच मिनिटांच्या वाटेवर. "ही शेवटची. आता भेटूनच बोलू. दत्त्या." कागद पिवळा पडलाय, घडीवर फाटायला आलाय, पण वरची वेळ स्वच्छ दिसते. दुपारी चार चाळीस.

मी बोट ठेवून दाखवलं. म्हटलं, ही वेळ ना तुझ्या दत्तूकाकानं ठरवली, ना मी. खिडकीशी कागद आला तेव्हा घड्याळात जी होती ती पडली. असाच एक कागद त्या खटल्यात होता.

छोट्या बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. सेकंदावर जगणारं पोरगं, वेळ म्हटली की त्याचे डोळे तिथेच खिळतात. उजेडाकडे धरून मागनं बघितलं, नखानं शाई खरवडतेय का ते पाहिलं. मग मला विचारलं, "मामा, ही वेळ नंतर बदलता येत होती का?"

मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चोर पकडणारा हाच प्रश्न विचारतो, आणि लपवणाराही हाच. त्यानं कुठल्या बाजूनं विचारला ते मला ओळखता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात आहे. स्टेटस आता दिसत नाही, पण तो चोवीस तासांनी आपोआपच जातो, त्याचं मी काही धरत नाही.

त्याला म्हटलं, हे मला सांगता येणार नाही, ज्यानं तीस-पस्तीस वर्षं वेळ टाकली त्यालाच विचार. तुझा नंबर दिलाय. तो लाजरा आहे, फोन करेल की नाही सांगता येत नाही. म्हणून त्याच्या नावानं तूच दोन ओळी लिही. वेळ कशी पडायची, चुकली तर काय करायचा, कुणी येऊन "जरा मागची टाका" म्हणालं होतं का कधी, आणि तू काय केलंस. मला कधी सांगितलं नसशील तेही लिही. शब्द मोजू नकोस.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार. नातवाचं नाव काय ठेवलंत ते अजून मला माहीत नाही, तेही कळव. शनिवारी रंगपंचमी आहे, इथे रंगगाड्या निघतील. आलास तर घर आहेच, नाही आलास तरी पत्र ये.

आता होळीला नारळ आणायला जायचंय. पोरगं मैदानावरून यायची वेळ झाली.

तुझा,
पम्या

ता. क. तार डब्यात परत ठेवलेली नाही. छोट्यानं मागून घेतली, त्याच्या अभ्यासाच्या वहीत आहे.