बाबा, ती दुर्बिणीची चिठ्ठी फाईलमधून बाहेर काढा

आई, बाबा,

फोनवर तब्येतीचा विषय निघाला की बाबा लगेच "हं, आईशी बोल" म्हणून सटकतात, म्हणून लिहितेय. माझी मागच्या आठवड्यात एंडोस्कोपी झाली, म्हणजे घशातून दुर्बीण घालून पोटात बघतात ती. घाबरू नका, झाली, संपली, मी बरी आहे, गोळ्या चालू आहेत. आधी सांगितलं असतं तर आई त्याच रात्री बॅग भरून निघाली असती आणि मग तिला धीर देता देता माझाच धीर संपला असता, म्हणून मुद्दाम नाही सांगितलं, आणि पुन्हा वेळ आली तरी नाही सांगणार, काय रागवायचं ते रागवा.

ती छातीखालची जळजळ, रात्री झोपेतून उठवणारी, काही खाल्लं की जरा थांबायची आणि परत सुरू. तुमचं निदान तयारच होतं, जागरणं आणि टेन्शन. पण रक्ताच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की या वयात एवढ्या जळजळीला लगेच दुर्बीण घालत नाही, पण आतून थोडं थोडं रक्त जात असेल तर बघायलाच हवं.

आता माझी अवस्था विचारू नका. दात घासताना ब्रश जरा मागे गेला तरी मला उमासा येतो, आणि इथे साधारण बोटाएवढी नळी घशातून खाली जाणार! आदल्या रात्री व्हिडिओ बघत बसले (बघू नका, कोणाचंही भलं होत नाही त्याने). मला सगळ्यात मोठी भीती होती ती श्वास कोंडेल याची. तिथल्या सिस्टरांनी ते ओळखलं बहुतेक, त्या म्हणाल्या नळी अन्ननलिकेत जाते, श्वासाचा रस्ता वेगळा आहे, तू फक्त नाकाने श्वास घेत राहा आणि लाळ आली तर गिळू नको, वाहू दे. एवढं एक वाक्य आधी कोणी सांगितलं असतं तर माझी ती रात्र वाचली असती.

घशात कडू स्प्रे मारतात, थोड्या वेळात घसा बधिर होतो आणि गिळलं तरी कळत नाही गिळलं की नाही, ते मला नळीपेक्षा जास्त विचित्र वाटलं. मग डाव्या कुशीवर झोपवतात, दातांमध्ये धरायला भोक असलेलं प्लास्टिकचं कडं देतात म्हणजे नळी चावली जात नाही. मी झोपेचं इंजेक्शन नको म्हटलं कारण मला काय चाललंय ते कळायला हवं होतं. नळी घशातून उतरताना दोन-तीन जोरदार उमासे आले, डोळ्यातून पाणी, आणि एकदा ती खाली गेली की मग दुखत नाही, फक्त पोट फुगतं कारण आत हवा भरतात, आणि सगळ्यांसमोर ढेकरा येतात. लाज वाटायला वेळच नाही, पाच-दहा मिनिटांत बाहेर. तपासायला आतून चिमटीने छोटा तुकडा काढला तो तर कळलासुद्धा नाही.

नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नाही, तेव्हा बसल्या बसल्या वाचत होते. १८६८ साली जर्मनीत कुसमाऊल नावाच्या डॉक्टरने जिवंत माणसाच्या पोटात बघायचा प्रयत्न केला तेव्हा सरळ, न वाकणारी नळी होती, म्हणून त्याने तलवार गिळणारा खेळकरी गाठला! वाकणारी, काचेच्या तंतूंची दुर्बीण १९५७ ची. म्हणजे आपण बरेच सुखात आहोत.

तर निघालं काय, जठराच्या पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला छोटा अल्सर, म्हणजे जखम, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. तो तुकडा पिवळ्या जेलमध्ये ठेवतात, जंतू असेल तर ते गुलाबी-लाल होतं, माझं झालं. अल्सर टेन्शनने होतो असंच डॉक्टरसुद्धा वर्षानुवर्षं मानायचे, मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल या डॉक्टरने, दोष या जंतूचा आहे हे पटवायला, १९८४ मध्ये हे जंतू स्वतःच पिऊन दाखवले, त्याच्या जठराला सूज आली, आणि २००५ मध्ये त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला, रॉबिन वॉरनला, नोबेल मिळालं. म्हणजे माझ्या जागरणांवरचा आरोप तेवढा मागे घ्या. दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करणारी गोळी, असा चौदा दिवसांचा कोर्स आहे, तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची टेस्ट, जंतू खरंच गेला का ते बघायला.

आणि बाबा, हा जंतू बहुतेक वेळा लहानपणीच अंगात येतो, तोही घरातल्याच माणसांकडून. म्हणजे वारसाहक्कात मला काहीतरी आधीच मिळालेलं दिसतंय. तुमची जळजळ माझ्यापेक्षा जुनी, त्यात गुडघ्यासाठी त्या पेनकिलर घेता, त्यांनीही अल्सर होतो, आणि तुमच्या वयात डॉक्टर दुर्बीण लिहून देतात ते उगाच नाही. चिठ्ठी फाईलमध्ये ठेवून ॲसिडिटीची गोळी खात राहणं म्हणजे उपचार नाही.

तुम्ही माझ्यासारखी हिरोगिरी करू नका, डॉक्टर हो म्हणाले तर झोपेचं इंजेक्शन घ्या, मात्र त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि सोबत माणूस लागतो. रक्त पातळ करायची गोळी आणि शुगरची गोळी चालू आहे हे त्यांना आधी सांगा, मनाने बंद करू नका. ॲसिडिटीची गोळी आधी बंद ठेवायची का तेही विचारा, तिच्यामुळे जंतू असूनही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. सहा-आठ तास उपाशी राहायचं असतं म्हणून सकाळचीच वेळ मागा, नाहीतर दुपारपर्यंत तुम्ही आईला हैराण कराल.

आई, तारीख तू घे, यांच्यावर सोडू नको. घेतलीस की मला मेसेज टाक, मी रजा टाकून येते, सोबतचा माणूस मीच.

तुमची,
छोटी