चोरी तीनशे रुपयांची, अपात्रता आयुष्यभराची

संपादक महोदय,

केळीचा घड, वेचलेल्या कापसाचे गाठोडे, विहिरीवरच्या मोटारीची केबल किंवा बाजारातल्या दुकानातून उचललेली एखादी वस्तू, अशा चोऱ्यांचे खटले खान्देशातील तालुका न्यायालयांत नवीन नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ ने त्यांतील काहींना दिलासा दिला आहे. ऐवज पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर त्याला कैदेऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा होते. असा गुन्हा आता अदखलपात्र आणि जामीनपात्रही आहे. मात्र हा दिलासा शिक्षेपुरताच आहे, आणि ज्या तरुणाला पुढे परवान्यावर किंवा नोंदणीवर पोट भरायचे आहे, त्याला ही गोष्ट फार उशिरा कळते.

चोरी किरकोळ की गंभीर हे आपण किमतीवरून ठरवतो. कायदा आधी कलम पाहतो. डी. फार्मसी करणारा एखादा विद्यार्थी संध्याकाळी मेडिकल स्टोअरमध्ये काम करतो आणि तीनशे रुपयांचे मलम खिशात घालतो, असे समजा. तो दुकानाचा नोकर असल्यामुळे त्याला कलम ३०६ लागते. त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. तेच मलम गिऱ्हाइकाने उचलले, तर कलम ३०३ लागू शकते. पण मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतील चोरी म्हणून पोलिसांनी कलम ३०५ लावले, तर पुन्हा सात वर्षे. शेतातल्या केबलचे तर फिर्यादीने किंमत चार हजार आठशे सांगितली की पाच हजार दोनशे, यावरच गुन्ह्याची जात बदलते, आणि जुन्या केबलची पावती कोणाजवळ असते?

यानंतर न्यायालयाच्या व्हरांड्यात जे घडते, ते आम्हा वकिलांना चांगले ठाऊक आहे. “कबूल करून टाक, दंड भर आणि मोकळा हो,” असा सल्ला नातेवाईक देतात, आणि खेदाने लिहावे लागते की काही वेळा वकीलही देतात. मुलाची बुडणारी मजुरी आणि तारखांचे हेलपाटे पाहता तो सल्ला शहाणपणाचाही वाटतो. पण कबुलीवर झालेली शिक्षा ही दोषसिद्धीच असते. सामुदायिक सेवेची व्याख्यासुद्धा दोषी ठरलेल्या व्यक्तीने विनामोबदला करावयाचे काम अशीच आहे. औषधनिर्माण अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ नुसार, नोंदणीकृत औषधनिर्मात्याला (फार्मासिस्टला) कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आणि त्यामुळे तो नोंदवहीत राहण्यास अयोग्य आहे असे राज्य फार्मसी परिषदेच्या कार्यकारी समितीचे मत झाले, तर त्याचे नाव काढून टाकता येते. किती रकमेची चोरी आणि किती वर्षांपूर्वीची, याला तेथे मर्यादा नाही. वकिलांसाठीच्या १९६१ च्या कायद्यात मात्र नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यामुळे येणारी अपात्रता सुटकेनंतर दोन वर्षांनी संपते. आमच्या व्यवसायाने स्वतःची सोय बरी करून घेतली आहे!

खरी विसंगती पुढे आहे. अपराधी परिवीक्षा (प्रोबेशन) अधिनियम, १९५८ खाली न्यायालयाने पहिल्या चोरीच्या आरोपीला समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तर कलम १२ मुळे दोषसिद्धीतून येणारी अपात्रता त्याला लागत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतील नोकराने केलेली चोरीही समज देऊन सोडण्याच्या तरतुदीत स्पष्टपणे धरली होती. उलट, ज्याने नव्या कलम ३०३ खाली वस्तू परत केली आणि सरकारी दवाखान्याचे आवार महिनाभर झाडले, त्याला हे संरक्षण कोणत्याही कलमाने दिलेले नाही. म्हणजे नुसती समज मिळालेला माणूस निर्धास्त, आणि शिक्षा भोगून परतफेड केलेला माणूस परिषदेच्या मर्जीवर.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, वीस रुपये दंडापायी नोकरी गमावलेल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात, दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाची शिक्षा दोषसिद्धी मानू नये असा कायदा संसदेने करावा, असे सुचवले होते. २०१६ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, नोकरीच्या अर्जात जुन्या प्रकरणाची माहिती दडवली असली तरी ते क्षुल्लक असल्यास नियोक्ता दुर्लक्ष करू शकतो, असे म्हटले. पण चोरीला क्षुल्लक म्हणायला कोणताही अधिकारी सहजासहजी धजावत नाही. औषधांच्या कपाटाची किल्ली ज्याच्या हाती द्यायची, त्याचा पूर्वेतिहास पाहू नये असे माझे म्हणणे नाही. रक्कम, वय आणि मधली वर्षे पाहूनच निर्णय व्हावा आणि तो कारणांसह लेखी द्यावा, एवढेच म्हणणे आहे. अठरा वर्षांखालील मुलाला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सामान्यतः अपात्रतेतून वगळले आहे; अठरा पूर्ण करून महिना झालेल्या मुलाला काहीच नाही.

कलम ३०३ मधील सामुदायिक सेवेच्या शिक्षेलाही कलम १२ सारखे संरक्षण देणारे एक वाक्य संसदेने जोडावे, आणि आपल्या खासदारांनी ते मांडावे. तोवर गरजूंना मोफत वकील देणाऱ्या जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांनी आपल्या पॅनेलवरील वकिलांना एवढे तरी सांगावे, की कबुलीजबाबाआधी आरोपीला शिक्षण आणि व्यवसाय विचारावा, फिर्यादी तयार असल्यास तडजोड करावी, कारण तिचा परिणाम निर्दोष सुटकेसारखाच असतो, आणि तेही शक्य नसेल तर परिवीक्षेचा लेखी अर्ज त्याच तारखेला द्यावा.

आपला विश्वासू,
एक वकील, चोपडा (जि. जळगाव)