अंकल, ते झाकण काढल्याबद्दल

अंकल,

तिथे सगळेच तुम्हाला अंकल म्हणत होते, म्हणून मीही. इकडे असतात तर काका म्हटलं असतं. इंग्रजीत तोंडदेखलं थँक्यू तेव्हाच म्हणून झालं होतं. खरं काय ते मराठीतच लिहिता येतंय.

हवाईतल्या काउआई बेटावर आम्हाला फिरवणाऱ्याने हानालेईची दरी वरूनच दाखवली. "भातशेती," म्हणाला, आणि फोटोला पाच मिनिटं दिली. खरं तर ती अळूची खाचरं. आदल्या रात्री हॉटेलात इवल्याशा कागदी कपात जांभळट पोई, म्हणजे अळूचे गड्डे शिजवून कुटून केलेला लगदा, वाढली, तेव्हा माइकवरचा माणूस तिला खळ म्हणून हसवत होता. आम्हीही हसलो. आमच्या अळूच्या फदफद्याला कुणी असं म्हटलं असतं तर?

दुसऱ्या दिवशी दादा आणि मी तुमच्या बांधाशी उतरलो ते भांडतच. गावच्या घराची वाटणी. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तुम्हाला मराठी कळत नव्हतं, पण चढलेला आवाज कळला असणार. तुम्ही काही विचारलं नाहीत. हातातला हुलींचा भारा, म्हणजे गड्ड्याच्या वरच्या कापासकट देठं, खाली ठेवलात. आतून लाकडी वाडगा आणलात, आमच्या दोघांच्या मधे ठेवलात आणि झाकण काढलंत. "पोई उघडी आहे. आता भांडायचं नाही."

एवढंच. कारण नंतर सांगितलंत, तेही चिखलात उभं राहून. तुमच्या पुराणकथेतल्या वाकेआ आणि होओहोकूकलानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं. ते पुरलं तिथून कालो, म्हणजे तुमचं अळू, उगवला. दुसऱ्या मुलालाही हालोआ हेच नाव मिळालं आणि त्याच्यापासून तुम्ही सगळे. म्हणजे वाडग्यात थोरला भाऊ. तो समोर असताना धाकट्यांनी तोंड टाकायचं नाही. गड्ड्याला बाजूने फुटणारी पिल्लं ती 'ओहा', आणि त्यावरून कुटुंब ते 'ओहाना', असंही म्हणालात. आमच्याकडे अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतं. तुमच्या लोईत, म्हणजे अळूच्या पाणथळ खाचरांत, मात्र ओढ्याचं गार पाणी पाटाने येतं, एका खाचरातून दुसऱ्यात उतरतं आणि पुन्हा ओढ्याला मिळतं. साचलं की गड्डा कुजतो. ते पाणी बघत दादा बराच वेळ बांधावर बसून होता.

२०१८ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या वाइपाला चोवीस तासांत सुमारे १,२६२ मिलिमीटर पाऊस झाला. (आमच्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ होता, त्याची आठवण अजून निघते.) खाचरं गाळात गेली, तुम्ही पुन्हा हुली लावल्यात. वर्षभराचं पीक, पण सांगितलंत दोन वाक्यांत.

आम्हाला सल्ले देणारे कमी नव्हते. मामा, वकील, सोसायटीतले दोघे. प्रत्येकाने कुणाची तरी बाजू घेतली. मधे वाडगा ठेवणारे तुम्ही एकटे, आणि आमचं नावही तुम्हाला ठाऊक नव्हतं. चांगली माणसं बहुधा अशीच असतात, त्यांना कारण पुरवावं लागत नाही.

पोई आंबट होती, तीन दिवसांची. दोन बोटांनी घ्यायची ती. मला आंबील आठवली. दादाने वाडगा माझ्याकडे सरकवला.

वाटणी अजून झालेली नाही. परवा फोनवर माझा आवाज चढला तसा दादाच म्हणाला, "पोई उघडी आहे हं."