फणसाचे लाकूड, हिरडा आणि ‘जंतुनाशक’ बातम्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औषधी झाडांच्या अर्कांमुळे जिवाणू मरतात, अशी बातमी आपल्या रविवारच्या पुरवणीत आली आणि सोमवारी सकाळीच शेजारचे काका तिचे कात्रण घेऊन आमच्या ओटीवर हजर झाले. हिरडी सुजल्यामुळे दंतवैद्याने त्यांना प्रतिजैविकाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या चालू ठेवाव्यात की फणसाची साल उकळून प्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी कोकणातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षे सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवले असल्याने उत्तर देणे मला भाग होते आणि ते देताना बातमीत काय राहून गेले आहे, हे प्रकर्षाने जाणवले.

बातमीत ‘अर्क’ आणि ‘संयुग’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले आहेत. अर्क म्हणजे साल किंवा पाने अल्कोहोलात वा पाण्यात भिजवून मिळालेला, शेकडो पदार्थांचा काढा. संयुग म्हणजे त्यातला एकच शुद्ध पदार्थ. तो वेगळा करायचा म्हणजे तो काढा सिलिका भरलेल्या काचेच्या नळीतून थेंबाथेंबाने उतरवायचा, प्रत्येक हिस्सा जिवाणूंवर तपासायचा, जो लागू पडेल तो पुन्हा विभागायचा आणि शेवटी हाती लागलेल्या चिमूटभर पदार्थाची रचना ठरवायची. पहिले काम दोन दिवसांत होते, दुसऱ्याला कधी कधी दोन वर्षे लागतात.

अर्काच्या चाचणीत फसगत किती सहज होते, याचा एक अनुभव सांगतो. माझा एक विद्यार्थी एकदा जिवाणू वाढवलेली काचेची बशी नाचवतच घेऊन आला. अर्कात भिजवलेल्या कागदी चकतीभोवती 14 मिलिमीटरचे स्वच्छ, म्हणजे जिवाणू न वाढलेले, वर्तुळ उमटले होते. अर्क काढायला वापरलेल्या नुसत्या मेथेनॉलात (एक प्रकारचे अल्कोहोल) बुडवलेली चकती शेजारी ठेवायला मी सांगितले, तर तिच्याभोवतीही जवळजवळ तेवढेच वर्तुळ उठले. चकती पुरती वाळवलीच नव्हती. जिवाणू मारले होते ते मेथेनॉलने. शिवाय वर्तुळाच्या आकारावरून पदार्थाची ताकद ठरत नाही. पाण्याशी जमवून घेणारा दुबळा पदार्थ आगरमध्ये (बशीतल्या जेलीसारख्या थरात) दूरवर पसरतो, तर तेलकट पण जहाल पदार्थ चकतीपाशीच अडकून राहतो. म्हणूनच वाढ थांबवायला दर मिलिलिटरला किमान किती मायक्रोग्रॅम लागतात, हा आकडा महत्त्वाचा असतो आणि बातमीत नेमका तोच नव्हता.

फणसाचेच घ्या. आमच्याकडे जुन्या घरांच्या खांबा-तुळयांना वापरलेले त्याचे लाकूड कापताना पिवळाधमक भुसा पडतो. ब्रह्मदेशाकडे भिक्षूंची चीवरे याच लाकडाच्या रंगात रंगवत. त्यातला मोरिन हा पिवळा रंगपदार्थ ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ पर्किन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अभ्यासला. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत के. वेंकटरामन (1957 ते 1966 या काळातले तिथले संचालक) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच लाकडातील आर्टोकार्पिनसारख्या फ्लेव्होनांच्या (वनस्पतींतल्या पिवळसर संयुगांच्या एका गटाच्या) रचनांवर काम केले. वेंकटरामन मूळचे रंगरसायनाचे माणूस. त्यानंतर 1996 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवले की, आर्टोकार्पिन आणि आर्टोकार्पेसिन ही शुद्ध संयुगे दात किडवणाऱ्या जिवाणूंची वाढ दर मिलिलिटरला 3.13 ते 12.5 मायक्रोग्रॅम एवढ्या मात्रेत थांबवतात. वनस्पतिज पदार्थासाठी हा आकडा उत्तम आहे. मात्र औषधाला दाद देणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकसला (दात किडवणारे मुख्य जिवाणू याच कुळातले) पेनिसिलिनच्या एका मायक्रोग्रॅमचा दहावा हिस्साही पुष्कळ होतो, हे त्याच्या शेजारी ठेवून वाचावे. काकांनी साल उकळली, तर पाण्यात धड न विरघळणारे हे पदार्थ त्यांच्या पेल्यात कितीसे उतरणार?

हिरड्याची गोष्टही अशीच आहे. जुन्नर-आंबेगावकडचे महादेव कोळी बांधव जो बाळहिरडा गोळा करतात, त्या झाडाच्या फळातून मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जिवाणूवर चालणारे गॅलिक आम्ल आणि त्याचे एथिल एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून बनणारे संयुग) वेगळे केल्याचा निबंध 1997 मध्ये आला. पण गॅलिक आम्ल आवळ्यात आणि चहातही असते, आणि अल्कोहोलात अर्क काढताना त्याच आम्लापासून हे एस्टर प्रयोगशाळेतच तयार होऊ शकते. हिरड्यातले टॅनिन हे तुरट द्रव्य तर समोर येईल त्या प्रथिनाला चिकटून त्याचा साका करते. बशीत जिवाणू मरतात ते पुष्कळदा यामुळे. अशा पदार्थाला औषध म्हणताना जीभ जरा अडखळते.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती मला अधिक रोचक वाटते. काही वेळा संयुग सुटे केले की त्याचा प्रभाव ओसरतो. दारुहळदीतले (हे झाड नव्हे, झुडूप) बर्बेरिन जिवाणूच्या पेशीत शिरते खरे, पण पेशी ते पंपाने उपसावे तसे बाहेर फेकते. दारुहळदीच्या अमेरिकेतील भाऊबंद झुडपांत बर्बेरिनच्या सोबतीला, स्वतः जिवाणू न मारणारा पण हा पंप बंद पाडणारा पदार्थ असल्याचे 2000 मध्ये दाखवले गेले. ई. कोलायसारख्या जिवाणूंना तर पंपांखेरीज बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यामुळे झाडांची बहुतेक संयुगे त्यांच्यापुढे हात टेकतात. सध्या इस्पितळांना घोर लावणाऱ्या जिवाणूंपैकी बरेच या गटातले आहेत.

माझी विनंती एवढीच की, यापुढे अशी बातमी छापताना झाडाचा कोणता भाग आणि कोणता द्रावक वापरला, तपासले ते शुद्ध संयुग होते की सबंध अर्क, वाढ थांबायला किती मायक्रोग्रॅम लागले आणि त्याच मात्रेत माणसाच्या पेशींचे काय झाले, एवढे संशोधकांना विचारून दोन ओळींत द्यावे. संशोधकाकडे ही उत्तरे नसतील, तर तसे छापावे. त्यात त्याची अप्रतिष्ठा नाही.

काकांना मी गोळ्या पूर्ण करायला सांगितले आहे. शेवटची शुक्रवारी आहे.

आपला,
एक निवृत्त अध्यापक, जि. रत्नागिरी