कॉफी बिघडते ती पाण्यात

मा. संपादक,

नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ठाण्यात स्पेशालिटी कॉफीची, म्हणजे निवडक, दर्जेदार बियांच्या कॉफीची, लहान दुकाने बरीच झाली आहेत. तिथल्या गिऱ्हाइकांची एक तक्रार सारखी कानावर येते: कॉफी तीच, दुकान तेच, पण मागच्या आठवड्यातली चव या आठवड्यात नाही. दोष बियांना, भाजणीला नाही तर बरिस्ताच्या, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याच्या, हाताला दिला जातो. पाण्याकडे कोणी बघत नाही. आपल्या शहरात तरी पहिला संशय पाण्याचाच घ्यायला हवा.

गाळून केलेल्या काळ्या कॉफीत सुमारे ९८ टक्के पाणीच असते. पालिकेचे पाणी भातसा आणि उल्हास नद्यांचे, म्हणजे क्षार कमी असलेले. पण घोडबंदर पट्ट्यातल्या कित्येक इमारतींत, विशेषतः उन्हाळ्यात, त्यात टँकरचे पाणी मिसळते. ते अनेकदा बोअरवेलचे आणि जड असते. अशा पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीतली आम्ले मारून टाकते. चिकमगळूरच्या चांगल्या बियांत जो फळासारखा ताजेपणा असतो तो जातो आणि मिळमिळीत, खडूची चव येणारे पेय कपात उतरते. मशीनच्या बॉयलरमध्ये खरपुडी धरते ती वेगळीच.

यावर बहुतेक दुकानदार आरओ बसवून मोकळे होतात. मग उलटी चूक होते. घरगुती आरओचे पाणी पुष्कळदा २०-३० टीडीएसवर (पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचे माप) येते. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम इतके थोडे उरते की चव नीट उतरत नाही, आणि आम्लाला आवर घालणारे काहीच नसल्याने आंबटपणा टोचतो. मशीनलाही ते मानवत नाही. बॉयलरमधील पातळी ओळखणारी सळई पाण्यातून वाहणाऱ्या विजेवर चालते. अगदी क्षारहीन पाण्यात तिला पाणी जाणवतच नाही आणि पंप भरत राहतो.

स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या मानकात कॉफीच्या पाण्याचा टीडीएस ७५ ते २५० आणि आदर्श १५० मिलिग्रॅम प्रति लिटर धरला आहे. तिथे पोचणे अवघड नाही. टँकरमिश्रित पाणी ६०० आणि आरओचे ३० असेल, तर तीन भाग आरओला एक भाग कार्बन फिल्टरमधून काढलेले पाणी घातले की सुमारे १७० येते. कार्बन फिल्टर वगळू नये. क्लोरीनचा वास गरम कपात लगेच वर येतो. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. मात्र तो क्षार किती एवढेच सांगतो, कोणते ते नाही. म्हणून थेंब मोजून जडपणा आणि क्षारता (आम्ल मारण्याची पाण्याची ताकद) तपासण्याचा संचही ठेवावा. टँकर बदलला की पाणी बदलते, तेव्हा एकदा प्रमाण ठरवून भागत नाही; निदान दर आठवड्याला, आणि पाणीकपातीच्या दिवसांत रोज सकाळी मोजावे. ज्या दुकानात या मोजणीची वही आहे तिथे कॉफीवर विश्वास ठेवायला हरकत नाही.

पाणी ठीक असूनही कप बिघडला तर दळणाकडे वळावे. एस्प्रेसोसाठी (मशीनच्या दाबाने काढलेली दाट कॉफी) १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम अर्क आणि २५ ते ३० सेकंद हा चालू हिशेब आहे. तोच अर्क १५ सेकंदांत उतरला तर दळण जाड आहे. कॉफी पातळ आणि आंबट लागते. ४५ सेकंद लागले तर ती कडू होते आणि जीभ कोरडी पडते. पावसाळ्यात उघड्या हॉपरमधल्या (दळणयंत्रावरच्या बियांच्या भांड्यातल्या) बिया दमट होतात आणि सकाळचे दळण दुपारी चालत नाही. हॉपरमध्ये दोन-तीन तासांपुरत्याच बिया घालाव्यात. वजनकाटा न लावता डोळ्यांच्या अंदाजाने काम करणाऱ्या काउंटरवर तीनशे रुपये देणे मला पटत नाही.

गिऱ्हाइकानेही आंबटपणातला फरक ओळखावा. हलक्या भाजणीच्या अरेबिका जातीच्या कॉफीत आंबटपणा असतोच, पण त्यामागे गोडवा येतो आणि कप निवताना तो वाढतो. नुसता कच्च्या चिंचेसारखा आंबूस, मागे काहीच नाही, असा कप परत करण्याजोगा. परत करायचा तर दोन घोटांनंतर करावा, अर्धा संपवून नव्हे. ‘चांगली नाही’ एवढेच न म्हणता आंबट, कडू, पातळ, कोरडी यांपैकी काय ते सांगावे. त्यावरून बरिस्ताला दळण कुठे सरकवायचे ते कळते.

‘कोमट दिली’ ही तक्रार मात्र वेगळी. कॅपुचिनोचे दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवतात, कारण ७० च्या पुढे त्याचा गोडवा मागे पडतो आणि उकळलेल्या दुधाचा वास येतो. उडप्याकडची वाफाळती फिल्टर कॉफी पिणाऱ्याला ते निवालेले वाटणारच. ज्याला हवी त्याने ऑर्डर देतानाच ‘जास्त गरम’ सांगावे, आणि दुकानाने नाक न मुरडता कप आधी गरम पाण्याने तापवून तशी द्यावी. चिकोरीचा (कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचा) दाटपणा शोधणाऱ्यालाही तसे आधीच सांगावे की इथे ती नसते. अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली जवळपास निम्मी पूड चिकोरी असू शकते. त्या चवीची सवय असेल तर निव्वळ कॉफी हलकी वाटते.

बियांचे पाकीट घेताना भाजल्याची तारीख बघावी. ‘अमुक महिन्यापर्यंत वापरा’ यावरून काही कळत नाही. एस्प्रेसोसाठी भाजल्यापासून साधारण एक ते पाच आठवड्यांचा काळ उत्तम. कालच भाजलेल्या बियांत वायू इतका असतो की अर्क फसफसतो आणि चव तुटक येते.

बिलावर सेवाशुल्क परस्पर लावलेले असेल तर ते काढायला सांगता येते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना तसे स्पष्ट सांगतात आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. दुकान ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुकानदारांना विनंती एवढीच, की फळ्यावर मळ्याचे नाव आणि ‘जांभूळ, चॉकलेट, संत्रे’ असे चवीचे वर्णन लिहिता तिथेच भाजल्याची तारीख आणि त्या दिवशीच्या पाण्याचा टीडीएसही लिहावा.

आपला,
एक वाचक, कासारवडवली, ठाणे (प.)