मे महिन्यातलं बाळंतपण आणि पौषातले नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऊन तापायला लागलं की वर्तमानपत्रांतून सूचना येऊ लागतात. दुपारी बाहेर पडू नका, डोक्याला दुपट्टा बांधा, ताक प्या. शेतमजूर, म्हातारी माणसं, शाळकरी पोरं, गुरंढोरं, सगळ्यांची आठवण होते. चार दिवसांचं लेकरू आणि त्याची आई या यादीत क्वचितच असतात, कारण ती घरात आहेत, सावलीत आहेत, असं आपण धरून चालतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना टिनाखालची बंद खोली, डोक्याला टोपरं, कानात कापूस, अंगावर दोन दुपटी आणि बाजेखाली निखाऱ्यांचं घमेलं, ही कसली सावली?

शेक, ऊब, बंद दार यामागे काहीच अर्थ नाही असं म्हणायचं नाही. पौष-माघात पहाटेची थंडी बोचते तेव्हा नवजात बाळ फार लवकर गार पडतं आणि ते जिवावर बेतू शकतं. ते नियम त्या ऋतूचे आहेत. घोटाळा हा की नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यांत तापत्या नऊ दिवसांतही, तेच लावले जातात. बाळाच्या वजनाच्या मानानं त्याच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, म्हणून ते जसं लवकर गार पडतं तसंच लवकर तापतंही. त्याला नीट घाम येत नाही आणि अंगावरचं पांघरूण लाथाडण्याइतकी ताकद नसते.

बाळाला थंडी वाजते आहे की उकडतं आहे, हे कपाळावरून कळत नाही. आपल्या हाताचा उलटा भाग बाळाच्या पोटाला लावावा, मग तळपायाला. पोट उबदार आणि तळपायही उबदार, गुलाबी, म्हणजे सगळं ठीक. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे थंडी लागायला सुरुवात झाली. दोन्ही गार असतील तर बाळ गार पडलं आहे, त्याला लगेच आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरूण घालावं आणि दवाखान्याची तयारी करावी. दोन्ही तापलेले, चेहरा लाल, बाळ किरकिरं, म्हणजे उकाडा झाला आहे. आशाताईंच्या पिशवीत डिजिटल थर्मामीटर असतो. काखेत धरून ९७.७ ते ९९.५ फॅरेनहाइटच्या मधला आकडा आला म्हणजे ठीक.

दुपारी पातळ सुती झबलं आणि लंगोट एवढंच पुरतं. टोपरं, मोजे, कुंची काढून ठेवावी. बाळाची बरीचशी उष्णता डोक्यातूनच बाहेर पडते आणि उन्हाळ्यात ती वाट आपणच बांधून टाकतो. नायलॉनच्या साडीची झोळी नको, तिच्यात हवा खेळत नाही आणि अगदी लहान बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडखळू शकतो. वजन अडीच किलोच्या आतलं असेल तर मात्र सावध राहावं. असं बाळ मे महिन्यातही पहाटे तीन-चारच्या सुमारास किंवा कूलरसमोर गार पडतं. त्याच्या तळपायाला दर दोन-तीन तासांनी हात लावून बघावा आणि जमेल तितका वेळ त्याला आईच्या छातीशी ठेवावं.

खोलीचं म्हणाल तर जुनं मातीच्या भिंतींचं कवेलूचं (कौलारू) घर यात सगळ्यांत चांगलं. टिनाचं घर असेल तर दुपारी बारा ते पाच बाळ-बाळंतिणीला तिथं ठेवूच नये. शेजारी किंवा भाऊबंदांकडे कवेलूचं घर असेल तर दुपारपुरती सोय मागायला लाजू नये. टिनावर चुना मारला किंवा हिरवी जाळी बांधली तर फरक पडतो. पऱ्हाट्या-तुराट्यांचा, म्हणजे कपाशी-तुरीच्या वाळक्या काड्यांचा, थर त्याहून चांगला, पण चुलीचा धूर जिथून निघतो त्या बाजूला तो मुळीच नको, ठिणगी पुरते. स्लॅबचं उलट असतं. दुपारी बरं वाटतं, पण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहतो. संध्याकाळी वर पाणी मारावं, रात्री दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि बाळाला मच्छरदाणीत झोपवावं.

आता कूलर. बाळाला कूलर चालतो का, हा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. चालतो, पण त्याचं तंत्र पाळलं तर. कूलरसमोरची खिडकी किंवा दार चार बोटं तरी उघडं हवं. सगळं बंद करून कूलर लावला की ओलसर हवा खोलीतच कोंडते, कूलरच्या गवताच्या ताट्यांतलं पाणी सुकायचं थांबतं, गारवा येत नाही आणि बाळाच्या मानेत-काखेत घामोळ्या उठतात. वारा बाळाच्या अंगावर सरळ नको, भिंतीवर आपटून यावा. पहाटेकडे पंप बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासावी, नाहीतर तिच्यात डास होतात. पाणी भरताना आणि टाकीत हात घालताना बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग काढावा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून आपल्याकडे माणसं जातात, आणि बाळंतिणीच्या खोलीत ओली फरशी, ओले हात हे दिवसभराचंच असतं. मृगाचा पाऊस पडून हवा दमट झाली की कूलरचा उपयोग संपतो, मग पंखाच बरा.

लाइट गेली तर दारा-खिडकीला ओली सुती चादर टांगावी आणि हातपंख्यानं वारा घालावा. ओलं फडकं पाळण्यावर पसरू नये, आत हवा कोंडते. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा गरम वाराच अंगावर फेकतो. अशा वेळी बाळाचे हातपाय साध्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं अधूनमधून पुसावेत.

बाजेखालचं घमेलं मे महिन्यात बंदच. बंद खोलीत निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, डोळ्यांत पाणी येत नाही, आणि मायलेकरं गुंगीत जातात. हा धोका थंडीतही तेवढाच आहे. शेक द्यायचाच असेल तर आईच्या कंबरेला गरम पाण्याच्या पिशवीनं द्यावा, तोही सकाळच्या गारव्यात.

सगळ्यांत मोठी चूक होते ती पाण्याची. उन्हाळा आहे, लेकराच्या घशाला कोरड पडली असेल म्हणून चमचा-चमचा पाणी, साखरपाणी, मध, घुटी देतात. कोणी कैरीचं पन्हं बोटानं चाटवतं. सहा महिने होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही नको, पाणीही नको. दुधातच सुमारे ८७ टक्के पाणी असतं. वरून पाणी दिलं की पोट भरतं, बाळ दूध कमी ओढतं, आणि दूध तर बाळ जितकं ओढेल तितकंच तयार होतं. माठातल्या पाण्यातून हगवण लागते ते निराळंच. बाळाला तहान वाटत असेल तर अंगावर घ्यावं. एरवी दिवसाला आठ ते बारा वेळा पाजतो, उकाड्यात त्याहून जास्त वेळा, भले दोन-चार मिनिटांसाठी का होईना. सुरुवातीला येणारं पातळ दूधच त्याची तहान भागवतं.

पाणी खरं हवं आहे ते आईला, आणि नेमकं तिचंच तोडलं जातं. पाण्यानं बाळंतिणीचं पोट सुटतं ही समजूत घट्ट आहे. पोट सुटतं ते पाण्यानं नव्हे. ताणलेले स्नायू पूर्ववत व्हायला वेळ लागतो, एवढंच. उन्हाळ्यात तिला दिवसाला तीन लिटरच्या आसपास पाणी लागतं. प्रत्येक वेळी पाजायला बसताना शेजारी भरलेला तांब्या ठेवला की हिशेब ठेवावा लागत नाही. ताक, पन्हं, वरणाचं पाणी, सगळं चालतं. लघवी गडद पिवळी होऊ लागली, जळजळ होऊ लागली की पाणी कमी पडतंय असं समजावं. डिंकाचे, अळिवाचे लाडू खाऊ द्यावेत, पण भूक मारून नाही. भाकर, वरण, भाजी आधी.

मालिश उन्हाळ्यात हलकी असावी. जवसाचं किंवा कुठलंही तेल चोपडून बाळाला तसंच ठेवलं तर घामाची छिद्रं बुजतात आणि घामोळ्या येतात. थोडं खोबरेल लावून लगेच कोमट पाण्यानं आंघोळ घालावी. नाळ गळेपर्यंत पुसून घेतलेलं पुरतं. पावडर नको, ती श्वासात जाते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, त्यामुळे नळ सोडून बाळाला सरळ खाली धरू नये. कोपर बुडवून बघावं.

दर्यापूर-तेल्हाऱ्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागातल्या, घरांसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या पाण्यात फेस येत नाही म्हणून साबण जास्त घासला जातो, तो लंगोटात तसाच राहतो, वर कापडही कडक होतं. मग मांड्यांत लाल चट्टे उठतात आणि दोष उन्हाला दिला जातो. साबण निम्मा करावा आणि शेवटचं खळबळणं तरी पिण्याच्या गोड पाण्यात करावं. कीटकनाशक फवारणीचे कपडे त्या बादलीत कधीच जाऊ नयेत.

ताप आला तर काय? आधी कपडे काढून बाळाला थंड जागी न्यावं, अंगावर पाजावं आणि अर्ध्या तासानं पुन्हा थर्मामीटर लावावा. उकाड्याचा ताप असेल तर उतरतो. ९९.५ च्या वरच राहिला, किंवा बाळ दूध ओढेनासं झालं, मलूल पडलं, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेऊ लागलं, छाती आत ओढली जाऊ लागली, तर जराही न थांबता दवाखान्यात न्यावं. पहिल्या महिन्यातला ताप म्हणजे जंतुसंसर्ग असू शकतो. घरातलं तापाचं औषध, कांद्याचा रस, बर्फाचं पाणी यात वेळ घालवू नये. सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार आणि १०२ ची गाडी मोफत आहे. दवाखान्यातून घरी सोडायलाही ही गाडी मिळते. ती सकाळी दहाच्या आत किंवा ऊन उतरल्यावर मागावी. टळटळीत दुपारी मोटारसायकलवर ओली बाळंतीण आणि दोन दिवसांचं लेकरू नेताना लोक दिसतात, ते टाळता येण्याजोगं आहे.

शेवटी आरोग्य विभागाकडे एक मागणी. नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत विदर्भातच, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभी केली आणि २०११ पासून ती देशभर राबवली जाते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. पण दूध कमी पडून, पाणी आटून येणारा ताप बहुधा दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत दिसतो, म्हणजे उन्हाळ्यात नेमकी पहिल्या दोन भेटींमधली जागा रिकामी राहते. एप्रिल ते जूनमध्ये पाचव्या दिवशी एक जादा भेट ठरवून द्यावी आणि तिचा मोबदला आशाताईंना वेगळा मिळावा. त्या दिवशी बाळाचं वजन करावं, कपडे उतरवून. २ किलो ८०० ग्रॅमचं बाळ पाचव्या दिवशी २ किलो ५२० ग्रॅमच्या खाली गेलं असेल, म्हणजे दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात पाठवावं. दिवसभरात लघवी सहा वेळा होते का, लंगोटावर अजून लघवीचा केशरी-गुलाबी डाग दिसतो का, हेही विचारावं. पाचव्या दिवशी तो डाग दिसत असेल तर दूध पुरत नाही. पाचवीच्या पूजेला आजी, मावशी, आत्या, सगळ्या घरात जमलेल्याच असतात. पाजण्याचं आणि पाण्याचं सांगायचं ते त्यांच्यासमोरच सांगता येईल, कारण या बाबतीत घरात शब्द चालतो तो त्यांचाच.

— एक निवृत्त आरोग्य सेविका, जि. चंद्रपूर