तुझ्या पोरांनी विचारलेला प्रश्न

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मेसेजला उत्तर लिहायला घेतलं आणि चार ओळींतच कळलं, हे फोनवर टाइप करायचं काम नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. निवांत वाच.

दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज कागिसो रबाडा नशेच्या चाचणीत सापडला, त्यावरून नेटमध्ये सरावाला येणाऱ्या पोरांनी 'सर, रबाडा चीटर आहे का?' असं विचारलं आणि तू 'हो' म्हणून मोकळा झालास. वर मला लिहिलंस की लॉर्ड्सवर त्याने पाच बळी घेतले तेव्हा टाळीसाठी तुझे हात उठले नाहीत. हात उठले नाहीत, ठीक आहे, टाळी काही सक्तीची नसते. पण ते 'हो' मला पटलं नाही. तू कोच आहेस. तुझं एक 'हो' ही पोरं वीस वर्षं डोक्यात ठेवतील.

काय घडलं ते आधी नीट मांडतो. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या लीगमध्ये एका सामन्यानंतर त्याची चाचणी झाली आणि नमुन्यात कोकेनचा अंश सापडला. एप्रिलच्या सुरुवातीला तो आयपीएल अर्धवट सोडून घरी गेला. गुजरात टायटन्सने कारण दिलं 'वैयक्तिक'. ३ मे रोजी त्याने स्वतःच निवेदन काढून सांगितलं की मी नशेच्या पदार्थामुळे निलंबित आहे. उपचाराची सत्रं पूर्ण केली, महिनाभराची बंदी भोगली आणि तो परत आला. जूनमध्ये कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाचे नऊ गडी बाद केले आणि दक्षिण आफ्रिकेला २७ वर्षांनी आयसीसीचा चषक मिळाला.

आता चीटर म्हणजे कोण? जो काहीतरी घेऊन जास्त वेगाने टाकतो, जास्त पळतो, दुखापतीतून गैरमार्गाने लवकर उठतो तो. समोरच्याच्या वाट्याचं तो हिसकावून घेतो. पार्टीत कोकेन ओढणाऱ्याने बॅट्समनचं काय हिसकावलं? स्वतःचं मात्र बरंच घालवलं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे वाडाने, २०२१ पासून हाच फरक नियमात आणला. कोकेन, हेरॉइन, एमडीएमए आणि गांजातलं टीएचसी यांना वेगळ्या रांगेत बसवलं. स्पर्धेच्या काळाबाहेर घेतलं आणि कामगिरीशी संबंध नाही हे सिद्ध झालं तर बंदी तीन महिने, उपचार पूर्ण केले तर एक महिना. आणि स्पर्धेचा काळ कधी सुरू होतो, तर सामन्याच्या आदल्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी. पोरांना हे सांग, त्यांना असला तपशील फार आवडतो.

तू म्हणशील, एक महिना म्हणजे थट्टा आहे. मग टेनिसमधली मार्टिना हिंगिस आठव. २००७ च्या विम्बल्डनमध्ये तिच्या नमुन्यात कोकेनचा अगदी बारीक अंश सापडला. आपण घेतलंच नाही असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली. ती निवृत्तच झाली आणि नंतर तिला दोन वर्षांची बंदीही झाली. पदार्थ तोच. मधल्या काळात नियम बदलला, एवढंच. पुढे २०१५ मध्ये ती सानिया मिर्झाबरोबर विम्बल्डन दुहेरी जिंकली तेव्हा आपल्यापैकी कुणाला ते कोकेन आठवलं होतं? 'आपल्या' सानियाची जोडीदार ना ती! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

उलट पृथ्वी शॉला २०१९ मध्ये टर्ब्युटलिनमुळे आठ महिन्यांची बंदी झाली. हे द्रव्य खोकल्याच्या औषधात असतं आणि बेसावधपणे घेतलं गेलं हे बीसीसीआयनेही मान्य केलं होतं. खोकल्याच्या औषधाला आठ महिने आणि कोकेनला एक! ऐकायला उफराटं वाटतं. पण चाचणी चारित्र्याची नसते, फायद्याची असते. टर्ब्युटलिन श्वासनलिका मोकळ्या करतं, त्यामुळे ते फायद्याच्या खात्यात जातं. मला ही शिक्षा जड वाटते, पण त्यामागचा हिशेब समजतो. 'ड्रग' हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि आपण प्रेक्षक सगळं एकाच पोत्यात भरतो.

खरी गंमत पुढे आहे. नियमाने दिलेली शिक्षा आणि संघाने दिलेली शिक्षा यांचा एकमेकींशी काहीही संबंध नसतो. आणि लोकांनी दिलेली शिक्षा तर तिसरीकडेच असते.

इंग्लंडचा सलामीवीर ॲलेक्स हेल्स घे. एप्रिल २०१९. मायदेशातल्या विश्वचषकासाठी त्याचं नाव इंग्लंडच्या प्राथमिक संघात होतं. नशेच्या पदार्थांच्या चाचणीत तो दुसऱ्यांदा सापडला. इंग्लिश मंडळाच्या धोरणानुसार दुसऱ्या वेळची शिक्षा २१ दिवसांची बंदी. तो ती भोगत होता, बाहेर सांगितलं होतं 'वैयक्तिक कारण'. मग बातमी फुटली आणि तीन दिवसांत तो संघाबाहेर. कर्णधार मॉर्गन म्हणाला की त्याने संघाच्या मूल्यांचा पूर्ण अनादर केला, विश्वास उरला नाही. हेल्सच्या बाजूने सांगण्यात आलं की बंदीचा निवडीवर परिणाम होणार नाही असं आश्वासन त्याला मिळालं होतं. जुलैमध्ये इंग्लंड जगज्जेता झाला, त्यामुळे कुणी मागे वळून विचारलंही नाही.

२१ दिवसांच्या शिक्षेनंतर हा माणूस पुन्हा इंग्लंडकडून कधी खेळला? सप्टेंबर २०२२ मध्ये. तीन वर्षं उलटून गेली. मधल्या काळात जगभरच्या लीगमध्ये तो धावा काढत होता, पण दार बंद. ते उघडलं कसं? मॉर्गन जूनमध्ये निवृत्त झाला आणि बेअरस्टोचा गोल्फ कोर्सवर पाय मोडला. सलामीला माणूस हवा होता. मग विश्वास, मूल्यं, सगळं जागेवर आलं. पुढे टी-२० विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ॲडलेडला काय झालं ते मी तुला सांगायला नको. आपले १६८, आणि हेल्स-बटलर या दोघांनी एकही गडी न गमावता १६ षटकांत सामना संपवला. हेल्स ४७ चेंडूंत नाबाद ८६. त्या संध्याकाळी तू मला काय काय लिहिलं होतंस! त्यात त्याच्या नशेचा उल्लेख एकदाही नव्हता. चिडला होतास तो भुवनेश्वर आणि शमीवर.

मॉर्गन खोटं बोलला असं मला म्हणायचं नाही. ड्रेसिंग रूममध्ये विश्वास ही खरी चीज आहे हे आपण दोघेही जाणतो. रात्री उशिरापर्यंत जागलेला जोडीदार सकाळी चुकीचा कॉल देतो तेव्हा रनआउट आपण होतो. पण विश्वास तुटला म्हणून शिक्षा द्यायची असेल तर ती किती दिवसांची ते सांगायला हवं. बंदीला तारीख असते, अपील असतं. संघाच्या नाराजीला ना तारीख ना अपील. ती संपते कधी, तर संघाला गरज पडली की.

इंग्लंडचा अष्टपैलू इयान बोथम, त्याचंही तेच. १९८६ मध्ये गांजा ओढल्याची कबुली त्याने वर्तमानपत्रात दिली आणि इंग्लिश मंडळाने त्याला दोन महिने बाहेर बसवलं. त्याच काळात आपण तिथे कसोटी मालिका २-० जिंकली आणि वेंगसरकरने लॉर्ड्स आणि हेडिंग्लेला शतकं ठोकली. (वेंगसरकरचं श्रेय कमी करायचा हेतू नाही, बोथम असता तरी त्याने ती ठोकलीच असती. पण तो नव्हता हेही खरं.) ऑगस्टमध्ये बोथम न्यूझीलंडविरुद्ध ओव्हलवर परतला, पहिल्याच चेंडूवर ब्रूस एडगर स्लिपमध्ये गूचच्या हातात. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीच्या कसोटीतल्या विक्रमी ३५५ बळींची बरोबरी झाली, त्याच दिवशी तो विक्रम मोडलाही. गूचने त्याला विचारलं म्हणे, तुझ्या पटकथा लिहितो कोण? एका चेंडूत सगळं माफ. पुढे तो 'सर' झाला. तो पहिला चेंडू वाइड पडला असता तर? लोकांनी 'गंजेडी' म्हणून हुर्यो उडवली असती, आणि गुन्हा तोच राहिला असता.

स्टीफन फ्लेमिंगची गोष्ट तुझ्या पोरांना नक्की सांग, कारण त्यांच्यासाठी तो आयपीएलमधल्या चेन्नईचा शांत कोच आहे. १९९४-९५ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात गांजा ओढल्याबद्दल तो, डायन नॅश आणि मॅथ्यू हार्ट निलंबित झाले. ओढणारे तिघेच नव्हते, कबूल करणारे तिघे होते, असं पुढे फ्लेमिंगनेच सांगितलं. दोनेक वर्षांत न्यूझीलंडने त्याला कर्णधार केलं आणि तब्बल ८० कसोटींत तो कर्णधार राहिला. पोरगा खरं बोलला होता आणि मंडळाने ते लक्षात ठेवलं असावं, असं मी आपला समजतो.

क्रिकेटबाहेर पाहिलं तर पैशाचा हिशेब आणखी उघडा दिसतो. २००४ मध्ये चेल्सी या फुटबॉल क्लबच्या एड्रियन मुटूच्या चाचणीत कोकेन सापडलं. क्लबने त्याला काढून टाकलं, आणि त्याच्या खरेदीत घातलेला पैसा बुडाला म्हणून कोर्टकचेऱ्या करून त्याच्यावर १.७ कोटी युरोंहून जास्त भरपाई लावून घेतली. बंदी मात्र सातच महिन्यांची होती. जलतरणपटू मायकेल फेल्प्सचा बाँगसोबतचा, म्हणजे गांजा ओढायच्या नळीसोबतचा, फोटो २००९ मध्ये छापून आला, तो बीजिंगची आठ सुवर्णपदकं गळ्यात घालून बसलेला असताना. चाचणीत तो सापडलेला नव्हता. जलतरण संघटनेने तीन महिने बाहेर ठेवलं, केलॉग्सने करार वाढवला नाही, बाकीचे बहुतेक प्रायोजक थांबले. त्याच उन्हाळ्यात तो रोमला पाच सुवर्णं घेऊन आला.

आणि शा'कॅरी रिचर्डसन? २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड स्पर्धेत १०० मीटर जिंकली आणि गांजात सापडली. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी तिला एका पत्रकाराच्या तोंडून कळली होती. त्या दिवसांत ओढला, असं तिने टीव्हीवर येऊन सांगितलं, सबब पुढे केली नाही. बंदी ३० दिवसांची. पण निवड स्पर्धेतला निकाल रद्द, म्हणून टोकियोची १०० मीटर गेली. रिले होईपर्यंत बंदी संपणार होती, तिथेही घेतलं नाही. लोकांनी आधी तिच्यासाठी गळे काढले. ऑगस्टमध्ये पहिल्याच शर्यतीत ती शेवटची आली, तर त्यांतल्याच कितीतरी जणांनी तिची टर उडवली. दोन वर्षांनी बुडापेस्टला १०.६५ सेकंदांत जगज्जेती झाली, मग परत डोक्यावर. आपल्या प्रेक्षकजातीबद्दल मला यापेक्षा जास्त काही सांगता येणार नाही.

आता तुझा खरा राग कशावर आहे ते मला वाटतं मला कळलंय. नशेवर नाही, 'वैयक्तिक कारण' या दोन शब्दांवर. महिनाभर आपल्याला गंडवलं असं तुला वाटतं. ऑस्ट्रेलियाचा माजी कर्णधार टिम पेनही याच लपवाछपवीवर भडकला होता. इथे मी अर्धा तुझ्या बाजूचा आहे. पण इंग्लंडमध्ये पहिल्या वेळची चूक गुप्त ठेवायचा नियम का आहे ते बघ. २०१२ मध्ये सरे काउंटीचा फलंदाज टॉम मेनार्ड २३ व्या वर्षी गेला. त्याच्या शरीरात कोकेन आणि एक्स्टसी होतं हे नंतर चौकशीत उघड झालं. सोबतच्यांना, क्लबला वेळेत काही करता आलं नव्हतं. त्यानंतर मंडळाने हंगामाबाहेर केसांच्या चाचण्या सुरू केल्या आणि पहिल्यांदा सापडलेल्याला जाहीर न करता आधी मदतीला पाठवायचं ठरवलं. नाव पेपरात येणार हे माहीत असेल तर कुठलं पोरगं डॉक्टरकडे जाईल? तेव्हा पहिल्या वेळी गप्प राहणं मला बरोबर वाटतं. बंदी लागल्यावर मात्र 'निलंबित आहे, कारण नंतर सांगू' एवढं सांगावं. 'वैयक्तिक' म्हटलं की लोक आईवडील आजारी असतील असं समजतात, प्रार्थना करतात, आणि मग तुझ्यासारखे चिडतात.

म्हणून पोरांना सांग की रबाडा चीटर नाही. त्याने मूर्खपणा केला, तो पकडला गेला, शिक्षा भोगली आणि सांगितलं. मात्र नऊ बळी घेतले म्हणून माफ झालं असं चुकूनही सांगू नकोस. बळी मिळाले नसते तरी त्याची शिक्षा महिन्याचीच होती आणि महिन्यानंतर संपलीच होती. हे पोरांच्या डोक्यात शिरलं तर बाकीचं वाडाचं पुराण राहू दे.

आणि तुमच्या क्लबसाठी एक नियम आताच, कुणीही सापडलेलं नसताना, लिहून ठेव. पहिल्यांदा कळलं तर कोणाला सांगायचं, आईवडिलांना कधी, डॉक्टर कोण, बाहेर किती सामने. सामन्यांचा आकडा लिहायचाच. नाहीतर उद्या तुझा सर्वांत चांगला डावखुरा सापडेल तेव्हा तू एक सामना म्हणशील आणि बारावा खेळाडू सापडला तर अख्खा हंगाम. म्हणशीलच, मी तुला ओळखतो.

एका गोष्टीवर मात्र माझं अजून ठरत नाही. २०१९ मध्ये मॉर्गनच्या जागी मी असतो तर? विश्वचषक महिन्याभरावर, दुसऱ्यांदा सापडलेला सलामीवीर, सगळ्या वर्तमानपत्रांत नाव. बहुतेक मीही त्याला वगळलं असतं. पण विश्वचषक संपल्यावर ऑगस्टमध्ये फोन करून नेटला बोलावलं असतं असं वाटतं. तू काय केलं असतंस ते सविस्तर कळव, मेसेजवर नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
जुना सलामीचा जोडीदार